पलीकडे दिलेली मुलगी

मुलगी दूर द्यायची नाही, असा अख्तरीबाईंचा निश्चय होता आणि तो त्यांनी पाळला. नागपूरचं स्थळ चांगलं होतं. वरोऱ्याच्या स्थळाचं तर स्वतःचं किराणा दुकान होतं. पण अख्तरीबाईंनी दोन्ही स्थळं नाकारली आणि चंद्रपुरातच, आपल्या घराच्या बरोबर समोर, रस्त्याच्या पलीकडे राहणाऱ्या दानिशला आपली एकुलती एक निशात दिली. "म्या इथून आवाज देला तर तिले तिथी आयकू गेला पाह्यजे," एवढीच त्यांची अट होती. पाठवणीच्या वेळी निशात नीट रडायला लागण्याआधीच सासर आलं.

दीड वर्षाने रस्ता रुंद झाला.

रुंदीकरण सर्व नियमांनुसार झालं. चार पदर झाले, मधोमध दुभाजक आला, दुभाजकात कण्हेर आली आणि ती पाण्यावाचून वाळलीही. दोन्ही घरांच्या मधोमध दुभाजकाला एक फट ठेवलेली होती, ती का ठेवली हे कुणालाच ठाऊक नव्हतं. त्या दिवसापासून नागपूर अडीच तासांवर आलं आणि निशात किती अंतरावर गेली हे सांगणं अवघड झालं.

रस्त्यावरून गाड्या जात, त्याबद्दल अख्तरीबाईंची तक्रार नव्हती. रस्ता त्यासाठीच असतो. तक्रार एवढीच होती की गाडीत बसलेला इसम गाडी चालवण्याखेरीज बाकी सगळी कामं करी. कुणी मान वाकडी करून मोबाईल खांद्याशी दाबून धरी. त्याला जग तिरपं दिसे आणि गाडीही तो त्याच कोनात नेई. कुणी हँडल गुडघ्यांच्या भरवशावर सोडून दोन्ही हातांनी तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याची पन्नी घोटी. कुणी उजवा दिवा लावून डावीकडे वळे, म्हणजे दोन्ही बाजूंना समान न्याय मिळे. ब्रेक लावल्याने गाडी झिजते आणि हॉर्नने झिजत नाही, हे शहरातल्या लहान मुलांनाही ठाऊक होतं.

अख्तरीबाई साठीच्या. शिलाईचं काम करायच्या. सकाळी डबा घेऊन त्या कडेला उभ्या राहत, हात वर करीत, आणि तासाभराने तोच डबा घरी आणून स्वतः खात. समोर निशात ओट्यावर येऊन हात हलवी. मायलेकी एकमेकींना रोज पाहत. अधूनमधून मध्ये सिमेंटचा ट्रक येई तेवढंच.

हात दाखवल्यावर थांबणारं वाहन एकच होतं. ऑटो.

"कुठी जाता, बाई?"

"तिथी." अख्तरीबाईंनी समोर बोट दाखवलं.

"बसा."

ऑटो तीन किलोमीटर पुढे गेला, पुलाखालून वळला आणि परत निघाला. तेवढ्यात चालकाला मेव्हण्याचा फोन आला. मेव्हण्याशी जुनं भांडण होतं. त्या भरात तो निशातच्या दारावरून सुसाट पुढे गेला, पुढच्या वळणावर वळला आणि पाऊण तासाने त्याने अख्तरीबाईंना जिथून घेतलं होतं तिथेच उतरवलं.

"आलं बाई तुमचं."

"अरे, हे तर माहं घर होय!"

"मंग घरीच तर सोडलं ना तुमाले," चालक दुखावलेल्या स्वरात म्हणाला. "आजकाल घरापर्यंत कोण सोडते?"

एप्रिलमध्ये निशातला सहावा महिना लागला. तेव्हा मात्र अख्तरीबाईंनी अर्ज करायचं ठरवलं.

शहरात रस्त्यांकडे पाहणारं एक कार्यालय होतं. ते रस्त्यांकडे नियमितपणे पाहत असे. त्याच्या दुसऱ्या मजल्यावर 'पादचारी सुविधा कक्ष' होता आणि तिथे जायचा जिना सामानाने बंद असल्यामुळे मागच्या लोखंडी शिडीने चढावं लागे. कक्षात लोकेश मडावी नावाचा एकच लिपिक बसे. भामरागडकडचा, तेहेतीस वर्षांचा, अविवाहित आणि मनाने चांगला. पण खुर्चीत बसल्यावर त्याचा इलाज नसे.

"अर्जात गाडीचा नंबर लिहिला नाई तुम्ही," तो म्हणाला.

"मह्याकडे गाडीच नाई, भाऊ. म्हणून तर पायी जाची हाय."

"मंग गाडी नसल्याचा दाखला आणा. नाईतर उद्या कोणीबी गाडीवाला येईन अन् म्हणन, मीच पायी चालतो."

गाड्यांच्या नोंदी जिथे ठेवतात तिथे अख्तरीबाई गेल्या. तिथल्या माणसाने सौजन्याने विचारलं, "कोणती गाडी नाई तुमच्याकडे? नंबर सांगा." अख्तरीबाईंनी विचार केला आणि एकोणीस वर्षांपूर्वी विकलेल्या, मरहूम नवऱ्याच्या लुनाचा नंबर सांगितला. दाखला मिळाला. 'सदर वाहन अर्जदाराकडे नाही.'

दाखला जोडताच कक्षाने तातडीने, म्हणजे पाचव्या आठवड्यात, सर्वेक्षण लावलं. दोन माणसं आली. दुभाजकाच्या फटीसमोर अलीकडच्या कडेला छत्री लावून ती सकाळी दहा ते पाच बसली आणि किती नागरिक रस्ता ओलांडतात ते मोजत राहिली. अहवाल एका पानाचा होता. ओलांडणारे नागरिक : शून्य. ओलांडणारे इतर : एक कुत्रा, तोही अर्ध्यातून परत. निष्कर्ष : सदर ठिकाणी रस्ता ओलांडण्याची नागरिकांना आवड असल्याचे दिसून येत नाही.

"ताशी पंचवीस माणसं जातानी दिसली पाह्यजे," लोकेशने समजावलं. "मंगच पांढरे पट्टे मंजूर होते."

"पट्टे नाई म्हणून तर कोणी जाऊन नाई राह्यलं!"

"अन् कोणी जाऊन नाई राह्यलं म्हणून पट्टे नाई. नियम दोन्हीकडून बरोबर हाय, बाई." मग त्याचं त्यालाच कसंसं वाटलं. तो आवाज उतरवून म्हणाला, "आमच्याकडं बरं हाय. रोडवर अस्वल आलं तर मोटारसायकलवाला गाडी बंद करून उभा राह्यते. आधी अस्वल जाते, मंग तो."

"अन् माणूस आलं तर?"

"तरी थांबते. विचारते, कोणाकडं जाऊन राह्यले म्हणून."

मुलगी भामरागडला न दिल्याचं अख्तरीबाईंना प्रथमच वाईट वाटलं.

मेच्या शेवटच्या आठवड्यात, ऊन डोक्यावर असताना, त्या शिलाई मशीनवर बसल्या होत्या. गल्लीतून बँडचा आवाज आला. बँड त्यांच्या बहिणीच्या मुलाचा, वाजिदचा होता; त्याच्या लाल कोटांना सोनेरी फीत त्यांनीच लावून दिली होती. मागे घोडीवर नवरदेव, त्याच्या मागे शंभरेक माणसं. वरात रस्त्यावर उतरली आणि अख्तरीबाईंच्या हातातली कात्री खाली पडली.

सगळ्या गाड्या थांबल्या होत्या. वाकड्या मानेचा इसम मान सरळ करून व्हिडिओ काढत होता. खर्रेवाल्याने पन्नी खिशात ठेवली होती. सिमेंटच्या ट्रकचा चालक खाली उतरून, नवरदेव कोण हेही न विचारता, रुमाल दातात धरून नाचत होता.

अख्तरीबाईंनी डबा उचलला आणि त्या बायकांच्या घोळक्यात शिरल्या. आजूबाजूच्या हात हलवीत होत्या म्हणून त्यांनीही हलवले. दुभाजकाची फट आली आणि गेली.

"तुम्ही मुलीकडच्या काय?" नवरदेवाच्या आत्याने विचारलं.

"हो व," अख्तरीबाई म्हणाल्या, "मुलीकडंच चालली."

अकरा मिनिटांनी त्या निशातच्या दारात होत्या. दोघी गळ्यात पडून रडल्या. एवढ्या तर त्या पाठवणीलाही रडल्या नव्हत्या.

परत येण्याचा प्रश्न चार दिवस सुटला नाही, कारण पुढची तिथी चार दिवसांनी होती. पण मार्ग सापडला होता. शेजारच्या आशाबाईंच्या भिंतीवर पंचांगाचं कॅलेंडर होतं. अख्तरीबाई रोज जाऊन विचारू लागल्या, "आशाबाई, उद्या मुहूर्त कितीचा हाय? गोरज हाय का दुपारचा?" जून सरेपर्यंत त्यांना लग्नतिथी अशा पाठ झाल्या की आशाबाईच त्यांना विचारू लागल्या. जाऊन-येऊन एकूण दहा वरातींत त्या सामील झाल्या. त्यांतल्या दोन ठिकाणी तर जेवायलाही बसावं लागलं, कारण मंडळी सोडेचना.

मग आषाढी एकादशी आली. आशाबाईंनी कॅलेंडर उलटलं आणि हळूच सांगितलं, "आता दिवाळीनंतरच, अख्तरीबाई." इकडे मोहरमही चालू होता. दोन्ही बाजूंनी शहरातली लग्नं थांबली.

निशातची तारीख जुलैच्या अखेरची होती. सासू हयात नव्हती. दानिशची नोकरी पाळीची, गडचांदूरच्या सिमेंट कारखान्यात. प्रसूतीचा दवाखाना अख्तरीबाईंच्या घरापासून तीन दुकानं सोडून होता, म्हणजे डॉक्टर अलीकडे आणि बाळंतीण पलीकडे. पुलाखालच्या वळणाचा रस्ता नवा होता, त्यामुळे त्यात खड्डेही नवे आणि खोल होते. डॉक्टरीणबाईंनी त्या रस्त्याला साफ मनाई केली होती. "वेळ आली की रुग्णवाहिका बोलवा, ती हळू आणेल," त्या म्हणाल्या.

रुग्णवाहिका येईल यावर अख्तरीबाईंचा विश्वास होता. तिला कुणी येऊ देईल यावर नव्हता. त्यांनी वाजिदला गाठलं. पावसाळ्यात बँड रिकामाच होता.

"खाला, बिना नवरदेवाची वरात कोणी पाह्यली हाय?" वाजिद म्हणाला.

तरीही खालाचा शब्द पडू नये म्हणून त्याने एका सकाळी नऊ माणसं लाल कोटात उभी केली आणि रस्त्यावर पाऊल टाकलं. एकही गाडी थांबली नाही. चालकांनी तालावर हॉर्न वाजवून उत्तम साथ मात्र दिली. एकाने काच खाली करून विचारलं, "नवरा कुठी हाय बे?" आणि उत्तराची वाट न पाहता झांजवाल्याच्या कोपराला आरसा लावून गेला.

"पाह्यलं?" वाजिद म्हणाला. "थांबते ते नवरदेवासाठी. तुमच्या-आमच्यासाठी नाई."

नवरदेव व्हायला गल्लीतलं एकही पोरगं तयार होईना. खोटं खोटं म्हणता म्हणता खरंच लागून जाईल, अशी त्यांना भीती होती. तरी तारीख जवळ आली म्हणून वाजिदने बँड आणि घोडी गल्लीतच तयार ठेवली होती.

अशात अख्तरीबाईंच्या सातव्या अर्जाचं उत्तर आलं. 'विषयांकित प्रकरणी निम्नस्वाक्षरीकार मंगळवारी सकाळी अकरा वाजता स्थळपाहणीस येत आहे.' खाली लोकेश मडावीची सही होती.

त्याच मंगळवारी, त्याच रस्त्यावरच्या सभागृहात, उर्वशीताईंनी 'बेशिस्त वाहनचालक निषेध महासभा' ठेवली होती. उर्वशीताई या भावी होत्या. काय भावी, ते फलकावर लिहिलेलं नव्हतं, पण 'भावी' हा शब्द मोठ्या अक्षरात होता. विषय जिव्हाळ्याचा, त्यामुळे चारशे नागरिक आले. प्रत्येक जण आपापल्या गाडीने आला. पायी आलेला एकही नव्हता, कारण पायी यायला रस्ता ओलांडावा लागला असता. गाड्या दोन्ही कडांना दोन-दोन रांगांत लागल्या, पदपथावर चढल्या आणि जागा संपल्यावर उरलेल्या मधल्या पदरात तिरप्या उभ्या राहिल्या. "दोन मिनिटात येतो," असं प्रत्येकाने रिकाम्या रस्त्याकडे पाहून म्हटलं होतं.

अकरा वाजता लोकेश काखेत फाईल आणि हातात मोजपट्टी घेऊन आला. अकरा वाजून पाच मिनिटांनी निशातचा फोन आला.

"अम्मी, दुखाले लागलं."

मागून, रात्रपाळी करून आलेल्या दानिशचा आवाज : "रुग्णवाहिका निघाली, पण सभेच्या गाड्यांत अडकली! डायव्हर म्हणते, पुढं सरकाले जागाच नाई!"

सायरन ऐकू येत होता. तो दूर नव्हता, पण जवळही येत नव्हता. पुढच्या मोटारीतल्या माणसाने मागे वळून हाताने 'जरा धीर धरा' अशी खूण केली आणि फोनवर पुढे बोलू लागला.

अख्तरीबाई कडेला येऊन उभ्या राहिल्या. चाळीस पावलांवर लेक कळा देत होती आणि मध्ये सगळं शहर आडवं उभं होतं. त्यांनी डोळे पुसले आणि त्यांची नजर लोकेशवर स्थिर झाली.

"भाऊ, तुमचं लग्न झालं काय?"

"नाई, बाई."

"वाजिद, फेटा आण."

"बाई, मी सरकारी कामावर आलो!" लोकेश मागे सरकला. "स्थळपाहणीले!"

"मंग चला ना. स्थळच पाहाचं हाय."

त्याला फेटा बांधला, मुंडावळ्या आशाबाईंनी आणल्या, फाईल त्याने सोडली नाही म्हणून ती मांडीवरच राहिली. पुढच्या मिनिटाला तो घोडीवर होता. बँड वाजला.

आणि रस्ता मेणासारखा वितळला. हॉर्न थांबले, काचा खाली आल्या, मोबाईल वर झाले. सभागृहात उर्वशीताई 'आपण एवढे संवेदनाहीन का झालो?' या मुद्द्यावर आल्या होत्या. तो अर्धवट सोडून श्रोते बाहेर धावले आणि नाचू लागले. नाचायला जागा कमी पडू लागली, तशा रुग्णवाहिकेसाठी न हललेल्या गाड्या सटासट हलल्या. चार जणांनी मिळून एक मोटार अक्षरशः उचलून बाजूला ठेवली. सिमेंटचा एक ट्रक स्वखुशीने उलटा गेला.

वरात निशातच्या दारात पोचली. बँडची रोषणाईची हातगाडी रिकामी केली, तिच्यावर गादी घातली, निशातला बसवलं आणि वरात वळली. दोन्ही बाजूंनी रंगीत दिवे लुकलुकत होते. मध्ये निशात दातओठ खात होती आणि अख्तरीबाई तिचा हात धरून चालत होत्या. "हौ माय, झालंच आता, पोचलोच," एवढंच त्या म्हणत होत्या.

"नवरीचे दिवस भरले दिसते," गर्दीत एकाने म्हटलं.

"आजकाल सगळं फास्ट हाय," दुसरा म्हणाला, आणि त्याने आणखी उंच उडी मारली.

दवाखान्यात पोचल्यावर वीस मिनिटांनी मुलगी झाली. बाहेर मुंडावळ्यांतल्या लोकेशला परिचारिकेने "अभिनंदन" म्हणून सही करायला कागद दिला. सवयीने त्याने पेनही काढलं होतं. दानिश धावत आला म्हणून निभावलं. अख्तरीबाईंनी बाळाला दुपट्यात घेतलं, कानाशी तोंड नेलं आणि त्या हसत सुटल्या. किती दिवसांनी हसल्या ते त्यांनाही आठवेना.

लोकेश प्रामाणिक होता. घोडीवरूनही त्याने मोजणी सोडली नव्हती. त्याने अहवाल दिला : 'प्रत्यक्ष स्थळपाहणी केली असता एका तासात जातेवेळी १४३ व येतेवेळी १४४ नागरिकांनी रस्ता ओलांडला.' एक वाढल्याचं कारण वरिष्ठांनी लेखी मागवलं आणि त्याने ते लेखी दिलं. पट्टे मंजूर झाले. ऑगस्टमध्ये एका सकाळी पाच पांढरेशुभ्र पट्टे रंगवले गेले, आणि दुपारपर्यंत एकेका पट्ट्यावर एकेक गाडी इतकी बरोबर मापात लागली की शहराला वाहनतळ मिळाल्याबद्दल उर्वशीताईंनी अभिनंदनाचा फलक लावला. निशातचा सव्वा महिना संपत आला, तेव्हा तिला पलीकडे सासरी पोचवायच्या वरातीसाठी अख्तरीबाईंनी वाजिदला विचारून ठेवलं. लोकेश म्हणाला, घोडी तीच असेल तर माझी हरकत नाही.

आता राहिली ती महासभा. नाचून दमलेले नागरिक घाम पुसत पुन्हा सभागृहात जाऊन बसले होते. ध्वनिक्षेपकावरून घोषणा झाली की दारात एक गाडी आडवी लागली आहे, ज्याची असेल त्याने कृपया काढावी. चारशे माणसांनी एकाच वेळी शेजाऱ्याकडे पाहिलं आणि कुणीही उठलं नाही. नंतर ठराव मांडला गेला : 'बाकीच्यांनी गाडी नीट चालवावी.' तो एकमताने, टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला.

त्या ठरावाखाली अजून जागा आहे, सही करायची असेल तर करता येईल. हे वाचताना तुम्हाला कुणाची तरी आठवण झालीच असणार. शेजाऱ्याची, साडूची, नाहीतर ऑफिसातल्या त्या एकाची. मघाशी तोही हेच वाचत होता. वाचता वाचता तो थांबला, हसला आणि म्हणाला, "हे तर हुबेहूब," आणि त्याने तुमचं नाव घेतलं.